मोफत संगीतवर्ग, तरी मुलं टिकत नाहीत. आपण कुठे कमी पडतोय?

सांजस्वर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतेय. थोडं लांबेल, पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी गाण्याचा आणि पेटीचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी दीड तास. फी नाही. एका वाचनालयाने हॉल दिला. पहिल्या महिन्यात ३४ मुलं आली, दोन गट करावे लागले. आज नियमित येणारी ९ आहेत. आणि मला टोचतंय ते वेगळंच. या ९ पैकी ६ जणांच्या घरी बऱ्यापैकी सुबत्ता आहे. ज्यांच्यासाठी वर्ग काढला, तीच मुलं गळाली.

आधी वाटलं, आवड नसेल. मग एका मुलीच्या घरी गेले. वय १०. कान असा की तीव्र मध्यम लागला की आपणहून मान वर करायची. तीन आठवडे आली नव्हती. एका खोलीचं घर, दार लोटलेलं. वडील रात्रपाळी करून झोपलेले. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला पलटे येतात, पण गाऊन बघायला जागाच नाही. मग वर्गात मागे पडते." बोलता बोलता तिच्या उजव्या हाताची बोटं पायरीच्या कडेवर चालत होती. सा रे ग, रे ग म, असा पलटा. आणि जिथे अंगठा खालून घ्यायचा, तिथे तो बरोब्बर खालून जात होता.

त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही.

फी माफ केली म्हणजे दार उघडलं, असं मी समजत होते. तुमच्यापैकी कोणी असे वर्ग चालवलेत का? किंवा अशा वर्गात शिकलात का? मुलं टिकण्यासाठी नेमकं काय केलंत? अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

---

धातिनधा

सांजस्वर ताई, मी अशाच वर्गात शिकलेला मुलगा आहे. आज तबल्यावरच माझं घर चालतं, म्हणून लिहितोय.

आमच्या घरीही जागा नव्हती आणि तबला तर नव्हताच. सरांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पढंत. सहा महिने त्यांनी आमच्याकडून जेवढं वाजवून घेतलं, त्याच्या दुप्पट तोंडाने म्हणून घेतलं. हाताने टाळी-खाली, तोंडाने बोल. पढंतीला ना वाद्य लागतं ना खोली. मी दुकानातून सामान आणताना कायदा (तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना) म्हणायचो, नळावर रांगेत उभा असताना म्हणायचो. बोल जिभेवर बसला की हात मागून येतो. त्यामुळे वर्गात मी कधी मागे पडलो नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. वर्गात तबल्याच्या तीन जोड्या होत्या. त्यातली एक दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जायची, पुढच्या शनिवारी परत. माझी पाळी पाच-सहा आठवड्यांनी यायची. त्या आठवड्यात आई तबल्याशेजारी पाण्याची घागरसुद्धा ठेवू द्यायची नाही, तबल्यावरच्या काळ्या शाईला ओल लागेल म्हणून. वडील पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे तबला आहे. एक आठवड्यासाठीच होता, पण घरात होता. वर्गात जाणं हे तोपर्यंत माझं एकट्याचं खूळ होतं. तबला घरी आल्यावर ते घराचं झालं.

तुमच्या पेट्या रात्री कुठे असतात?

---

सांजस्वर

धातिनधा, कपाटात असतात. कुलूप लावून. चार पेट्या आहेत, आठवड्यातले तीन तास बाहेर येतात.

हे लिहिताना हात थांबला माझा.

---

अंतरा

चांगला धागा. मी याविषयी थोडं वाचलेलं आहे, ते मांडते.

सांजस्वर यांना आलेला अनुभव त्यांच्या एकट्यांचा नाही. व्हेनेझुएलातली 'एल सिस्तेमा' ही या क्षेत्रातली जगातली सर्वांत प्रसिद्ध चळवळ. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी ती १९७५ मध्ये काराकासमध्ये सुरू केली. पहिल्या तालमीला ११ जण होते. शिकवणं मोफत, वाद्य संस्थेचं आणि शिकायचं पहिल्या दिवसापासून वाद्यवृंदात. पुढे लाखो मुलं त्यातून शिकली. गुस्तावो दुदामेल हे जगद्विख्यात वाद्यवृंद-संचालक तिथलेच.

तरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काय दिसलं पाहा. १६ केंद्रांवर अर्ज केलेल्या २,९१४ मुलांचे सोडतीने दोन गट केले होते, काहींना लगेच प्रवेश आणि काहींना नंतर. स्वतःवर ताबा ठेवण्यात थोडी सुधारणा आढळली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की अर्ज करणाऱ्या मुलांमध्ये गरिबीचं प्रमाण अंदाजे १६.७ टक्के होतं, आणि ही मुलं ज्या प्रांतांत राहत होती तिथे ते ४६.५ टक्के होतं. म्हणजे वर्ग पूर्ण मोफत, सरकारचा भक्कम पाठिंबा, वाद्यं दिलेली, आणि तरीही आधी पोचली ती तुलनेने बरी स्थिती असलेली मुलं.

याचा अर्थ मला असा वाटतो: फी हा सर्वांत डोळ्यांत भरणारा अडथळा आहे, सर्वांत मोठा नाही. वर्गाची बातमी कोणापर्यंत पोचते, मुलाला कोण सोडायला येतं, संध्याकाळी धाकट्यांना कोण सांभाळतं, या गोष्टी फीच्या आधी आडव्या येतात.

---

एक_पालक

मनापासून एक शंका. मी स्वतः तंगीत वाढलो, म्हणून विचारतो. ज्या घरात मुलाचं गणित कच्चं आहे, चष्म्याचा नंबर तपासायला वेळ नाही, तिथे पेटी आधी की शिकवणी आधी? समाजाकडे वेळ आणि पैसा मोजकाच आहे. तो संगीतावर का घालवायचा?

---

अंतरा

शंका रास्त आहे. दोन उत्तरं देते.

एक उत्तर अभ्यासाचं. लॉस एंजेलिसमध्ये 'हार्मनी प्रोजेक्ट' नावाचा असाच मोफत उपक्रम २००१ पासून चालतो. तिथल्या ४४ मुलांवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी केलेलं संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सारख्या वाटणाऱ्या अक्षरध्वनींमधला फरक मेंदू किती स्पष्ट टिपतो, हे त्यांनी मोजलं. वाचायला शिकण्याशी या क्षमतेचा जवळचा संबंध आहे. दोन वर्षं शिकलेल्या मुलांमध्ये सुधारणा दिसली, एका वर्षात ती दिसली नाही. यावरून 'संगीत शिका, गणित सुधारेल' असली जाहिरात मी करणार नाही, ४४ मुलांच्या अभ्यासावर तेवढा भार टाकता येत नाही. पण एका वर्षात न दिसलेली गोष्ट दोन वर्षांनी दिसली, हे सांजस्वर यांच्या प्रश्नाशी थेट जुळतं. सहा महिन्यांत गळालेल्या मुलाच्या हाती काही लागत नाही.

दुसरं उत्तर माझं स्वतःचं. बऱ्या घरातल्या मुलाला आपण असं विचारत नाही. त्याला गाणं आवडतं, एवढं कारण पुरतं. गरीब घरातल्या मुलाच्या गाण्याला मात्र गुण वाढल्याचा दाखला जोडावा लागतो. हे मला पटत नाही.

---

एक_पालक

दुसरं उत्तर लागलं मनाला. मी माझ्या मुलीला कॅसिओ घेऊन दिला तेव्हा 'याने काय होणार' हा प्रश्न मलाही पडला नव्हता. शंका मागे घेतो.

---

पाऊणपट्टी

मी व्हायोलिन शिकवते. वाद्य घरी जायला हवं, याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि ते कसं करायचं ते सविस्तर लिहिते. इथेच बहुतेक वर्ग अडकतात.

व्हायोलिन मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा आकारांत येतं. मूल वाढतं आणि दीड-दोन वर्षांत वाद्य लहान पडतं. विकत घेणाऱ्या घराला हा खर्च पुन्हा पुन्हा येतो. वाद्यपेढी, म्हणजे वाद्यं वापरायला देऊन परत घेण्याची सोय, असेल तर तेच पाव व्हायोलिन एकामागून एक पाच-सहा मुलांच्या हातांतून जातं. आमच्याकडे १४ वाद्यं आहेत आणि आजवर साठेक मुलं त्यांवर शिकली.

नोंदवहीचं काम साधंच, पण ते मन लावून करावं लागतं. प्रत्येक वाद्याला क्रमांक. देताना मूल आणि पालक दोघांसमोर वाद्य उघडायचं, आधीचे ओरखडे वहीत लिहायचे. त्यामुळे परत करताना कोणावर आळ येत नाही. अनामत घेत नाही. अनामत मागितली की ज्यांना वाद्य सर्वांत जास्त हवं असतं तेच पालक "राहू द्या, इथेच वाजवेल तो" म्हणतात. मी सुरुवातीच्या वर्षी अनामत घेतली आणि त्याची मला आजही खंत आहे.

मोडतोड होते का? होते. तारा तुटतात, तारांना आधार देणारा ब्रिज पडतो, एकदा बो (व्हायोलिनचा गज) वर कोणीतरी बसलं. आम्ही मुलांना पहिल्याच महिन्यात तार बदलायला, ब्रिज सरळ करायला आणि वाजवून झाल्यावर बो सैल करायला शिकवतो. ज्याला तार बदलता येते तो वाद्याला घाबरत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये १९९७ पासून 'बसकेड' ही तंतुवाद्यांची शाळा चालते. रोझमेरी नाल्डन यांनी ती उभी केली. तिथे मोठी झालेली मुलं लहानांना शिकवतात आणि वाद्यदुरुस्तीचं कामही तिथेच होतं. मला ही कल्पना तिथूनच मिळाली.

वाद्य अजून हाती नसेल तर एल सिस्तेमाच्या काही केंद्रांत लहान मुलं आधी पुठ्ठ्याचं व्हायोलिन बनवतात. आईवडील सोबत बसून कापतात, चिकटवतात, रंगवतात. मूल त्यावर पकड, बसणं, बो धरणं शिकतं. मी हे करून पाहिलं. एका मुलाच्या वडिलांनी पुठ्ठ्याच्या व्हायोलिनला खऱ्यासारख्या चार खुंट्या कोरून लावल्या होत्या, फिरणाऱ्या. ते सुतार होते. त्यानंतर ते दर वर्गाला मुलाला सोडायला स्वतः यायला लागले.

---

हिशोबनीस

एक मुद्दा कोणीच काढला नाही. शिकवणाऱ्याला काय मिळतं?

सांजस्वर ताई, तुम्ही चौघं सेवाभावाने करताय, त्याबद्दल आदर आहे. पण मी एका अशाच वर्गाचा जमाखर्च सात वर्षं पाहिला. मुलं गळण्याचं सर्वांत मोठं कारण आमच्याकडे हे निघालं की शिक्षक बदलत राहिले. विनामोबदला शिकवणाऱ्याला दुसरीकडे कार्यक्रम मिळाला की वर्ग बुडतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही पोट आहे. मूल चार वेळा येऊन बंद दार पाहतं, पाचव्यांदा येत नाही. बऱ्या घरच्या मुलाला पालक फोन करून विचारतात, "आज आहे का?" बाकीची मुलं चालत येतात आणि चालत परत जातात.

म्हणून आम्ही देणगीतला पहिला पैसा मानधनात घातला. वाद्यं नंतर, स्नेहसंमेलन तर फारच नंतर. देणगीदाराला वाद्य दिसतं, त्यावर नाव घालता येतं. मानधनाला देणगी मागणं अवघड जातं, पण मागायचंच. एकच वाक्य मी सगळ्यांना सांगत असे: एका शिक्षकाचं एक वर्ष तुम्ही घ्या.

फीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नाममात्र फी असावी. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही.

---

धातिनधा

हिशोबनीस सर, मानधनाबद्दल शंभर टक्के सहमत. फीबद्दल नाही.

फी किती आहे याला महत्त्व नाही, ती ज्या दिवशी हातात नसते त्या दिवसाला आहे. त्या दिवशी मूल वर्गालाच येत नाही. सर काही बोलणार नसतात, तरी येत नाही. मी स्वतः एका महिन्यात तीन वर्ग बुडवले होते, नाममात्र फीसाठी. आईने मागून घ्यायला सांगितलं होतं आणि मला बाबांकडे मागवत नव्हतं. सरांना कळल्यावर त्यांनी फीची वही बंद केली आणि वर्गातली कामं वाटून दिली. सतरंजी घालणं, हजेरी, तबल्यांवर खोळी चढवणं, नव्या मुलांची पढंत घेणं. किंमत तिथून कळली.

---

हिशोबनीस

तुमच्या जागेवरून मी हे कधी पाहिलं नव्हतं. आमच्या वहीत फी थकलेल्या मुलांपुढे लाल खूण असायची. ती खूण झालेली किती मुलं पुढच्या महिन्यात आली नाहीत, हे मी कधी मोजलं नाही. आता जुन्या वह्या काढून बघतो.

---

जुनावाचक

उशिरा आलो धाग्यावर. थोडा इतिहास जोडतो, कारण हे प्रश्न आपल्या आधीच्यांनीही सोडवायला घेतले होते.

इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी मुलांना गाणं शिकवण्यासाठी अक्षरांची स्वरलिपी तयार केली. १८४० च्या दशकापासून जॉन कर्वेन यांनी ती सुधारून सर्वदूर नेली, ती टॉनिक सोल-फा. पाच रेघांची स्वरलिपी छापायला खास सामग्री लागे आणि ती महाग पडे. अक्षरं कुठल्याही साध्या छापखान्यात छापता येत, त्यामुळे गाण्याची पुस्तकं कामगारांच्या हातात आली. दक्षिण आफ्रिकेतले कित्येक गायकसंघ आजही याच लिपीवर गातात.

आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रयावर न चालता लोकांच्या पैशावर चालणारी ही शाळा. त्यांनी स्वतःची स्वरलिपी केली, पुस्तकं छापली, आणि पुढे शिकवू शकतील असे शिक्षक घडवण्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग चालवला. पं. भातखंड्यांनीही स्वरलिपी आणि पुस्तकांवर आयुष्य वेचलं. दोघांनी जोर दिला तो छापील पानावर आणि शिक्षक घडवण्यावर.

म्हणून माझी सूचना: मुलाच्या हातात दर वर्गाला एक पान द्या. मोठ्या अक्षरात स्वरलिपी, खाली मात्रा. मोबाइलवर ध्वनिफीत पाठवणं सोपं आहे, पण त्या घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर कामावर गेलेला असतो.

---

पाऊणपट्टी

जुनावाचक, पानाची सूचना फार आवडली. त्यात एक भर घालते. मोठ्या माणसाच्या पट्टीत मुलांना गायला लावू नका. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, पुरुष शिक्षक आरामात गातात आणि मुलं वर ताणून ओरडतात किंवा खाली पुटपुटतात. घरी त्यांना काळी पाचच्या आसपास सहज गाता येतं, पण वर्गातला सूर जुळत नाही म्हणून आपण बेसूर आहोत असं त्यांना वाटतं. काही मुलं यामुळेही जातात, आणि जाताना कारण सांगत नाहीत.

---

सांजस्वर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी केल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कपाटाचं कुलूप काढलं. चारपैकी तीन पेट्या आता पंधरा-पंधरा दिवस घरोघर जातात, चौथी वर्गात. धातिनधांच्या घरची आठवडाभराची पाळी मला कमी वाटली, नव्या हाताला पेटीची सवय व्हायलाच चार दिवस जातात. पाऊणपट्टींसारखी नोंदवही केली, अनामत नाही. पहिला अर्धा तास सगळ्यांचा सराव तिथेच, वर्गाच्या वेळेत. घरी जागा नसेल तर निदान तेवढा सराव झालेला असतो. धाकट्या भावंडांना सोबत आणायची परवानगी दिली. गोंधळ होतो, पण स्वरांचे अलंकार म्हणताना ती तीन-चार वर्षांची पोरंही टाळ्या देतात. मानधनासाठी दोन घरांशी बोलणं झालंय, एकाने होकार दिला.

सरसकट यश सांगत नाहीये. गळालेल्या २५ मुलांपैकी १४ जणांच्या घरी जाऊन आले, ५ परत आली. दोघांची कुटुंबं जागा सोडून गेली होती. एका मुलाने सांगितलं की त्याला आता गाणं नको, त्याला पोहायचंय, आणि तेही मला आवडलं.

पहिली पेटी त्या मुलीच्या घरी गेली. रात्रपाळीचा प्रश्न होताच. वडिलांनीच तोडगा काढला: ते संध्याकाळी सहाला उठतात, कामावर निघेपर्यंत दोन तास असतात, त्यात तिने वाजवायचं. काल पेटी परत आली तेव्हा भात्यावर जुन्या साडीची शिवलेली खोळ होती.

आता एक मदत हवी. त्या पेटीची मधल्या सप्तकातली कोमल गंधाराची पट्टी दाबली की खालीच राहते आणि सूर वाजत राहतो. पंधरा दिवस ती तो सूर टाळून वाजवत होती, मला म्हणाली, "बाई, मी भूपच केला." भूप रागात कोमल गंधार नसतोच. घरी दुरुस्त करता येईल का? उद्या सकाळी पेटी पुढच्या घरी जायची आहे.

---

धातिनधा

ताई, बहुतेक वेळा घरीच होतं. वरचं झाकण काढा. शेजारच्या पट्ट्यांमध्ये कचरा किंवा धूळ अडकली आहे का बघा, बारीक कुंचल्याने साफ करा. पट्टी कोरडी आणि मोकळी असूनही वर येत नसेल तर तिची स्प्रिंग जागेवरून सरकली असणार, बारीक चिमट्याने हळूच परत बसवा. दमट हवेने लाकूड फुगून पट्टी घासत असेल तर मात्र घासायला जाऊ नका, ते कारागिराचं काम.

झाकण काढाल तेव्हा तिला बोलवा आणि तिच्याच हाताने करून घ्या.